शोकाच्या घरी जाताना

दाराबाहेर चपलांची दाटी झालेली असते. आत सतरंजीवर माणसे भिंतीला टेकून बसलेली असतात. कोपऱ्यात गेलेल्या माणसाचे छायाचित्र, त्यापुढे दिवा, आणि जिला भेटण्यासाठी आपण आलो ती स्त्री कोठेतरी शून्यात पाहत बसलेली. नव्याने आलेला गृहस्थ क्षणभर घुटमळतो, घसा साफ करतो आणि म्हणतो, ‘‘होणारे चुकत नाही.’’ दुसरा पुस्ती जोडतो, ‘‘सुटला म्हणायचे. फार हाल नाही झाले.’’ तिसरा मुलांकडे बोट दाखवून सांगतो, ‘‘आता यांच्याकडे पाहून सावरले पाहिजे.’’ मग आजाराचा तपशील, डॉक्टरांचे नाव, औषधांचा खर्च अशा वळणांनी बोलणे पुढे सरकते. पंधरावीस मिनिटांनी तो गृहस्थ उठतो, नमस्कार करतो, आणि रस्त्यावर आल्यावर नकळत मोकळा श्वास घेतो. एक कर्तव्य पार पडलेले असते. ती स्त्री मात्र होती तेथेच असते.

या चित्रात आपण सारेच कधी ना कधी बसलेलो आहोत; कधी भिंतीला टेकलेल्यांमध्ये, तर कधी त्या कोपऱ्यात. समाचाराला जाणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. माणसे कळवळ्यानेच जातात. पण तेथे गेल्यावर काहीतरी बोललेच पाहिजे, आणि ते बोलणे दुःखाचा उलगडा करणारे असले पाहिजे, असा एक विचित्र समज आपल्या मनात रुजलेला आहे. ‘सांत्वन’ या शब्दाच्या मुळाशीच गोड, मृदू बोलणे हा अर्थ आहे. त्यामुळे की काय, सांत्वन करणे म्हणजे योग्य वाक्य शोधून काढणे, असे आपण मानून चाललो आहोत. ते वाक्य सापडत नाही म्हणून पुष्कळ जण जाणेच टाळतात. आणि जे जातात ते सापडेल ते वाक्य उच्चारून मोकळे होतात.

ज्यांच्याजवळ धर्मश्रद्धा आहे त्यांच्यापुढे तर हा मोह अधिकच मोठा असतो. कारण श्रद्धेबरोबर स्पष्टीकरणांचा साठाही हाताशी असतो. हिंदू घरात प्रारब्ध आणि पूर्वसंचित यांचा उल्लेख होतो. ख्रिस्ती घरात ‘देवाची इच्छा’ असे म्हटले जाते, गेलेला जीव आता देवाच्या घरी सुखी आहे, असा दिलासा दिला जातो. शब्द वेगळे, घाई तीच. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेच्याच मूळ ग्रंथांत शोक करणाऱ्यांजवळ जाण्याविषयी काय दिसते, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे. तेथे जे आढळते ते धर्मोपदेशकांच्या रूढ दिलाशापेक्षा बरेच निराळे आहे, आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही त्यापासून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

सात दिवसांचे मौन

बायबलच्या जुन्या करारात ईयोबाचा ग्रंथ आहे. ईयोब हा सज्जन आणि संपन्न मनुष्य. एकाच दिवशी त्याची गुरेढोरे लुटली जातात आणि ज्या घरात त्याचे सात मुलगे व तीन मुली जेवायला जमली होती ते घर वादळाने कोसळते. पुढे त्याच्या सर्वांगाला फोड येतात आणि तो राखेत बसून राहतो. ही वार्ता ऐकून अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र आपापल्या गावांहून निघून त्याच्याकडे येतात. दुरून पाहिल्यावर त्यांना तो ओळखूसुद्धा येत नाही. ते मोठ्याने रडतात, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख किती मोठे आहे हे त्यांना दिसत असल्यामुळे कोणी एक शब्दही बोलत नाही.

या मित्रांची जगात नाचक्की झाली आहे. पण त्यांच्या पदरी हे सात दिवस जमा आहेत, हे आपण सहसा विसरतो. त्यांचे चुकले ते आठव्या दिवसानंतर. ईयोबाने तोंड उघडले, जन्मदिवसाला शाप दिला, देवाला जाब विचारला. आणि हे ऐकवेना म्हणून मित्रांनी देवाची वकिली सुरू केली. तू निर्दोष कसा असशील, तुझ्या मुलांनीच काही पाप केले असेल, देव अन्याय करील हे संभवत नाही, अशी त्यांची भाषणे सुरू होतात आणि ईयोबाची त्यांना उत्तरे होतात. बेचाळीस अध्यायांच्या ग्रंथाचा फार मोठा भाग या वादाने व्यापलेला आहे. मित्रांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. भाषा भव्य आहे. पण ग्रंथाच्या अखेरीस देव बोलतो तेव्हा त्याचा राग या वकिलांवर असतो. ईयोब माझ्याविषयी जसे नीट बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असा ठपका देव मित्रांवर ठेवतो. आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम त्या तक्रारखोर ईयोबाकडेच सोपवतो.

धर्मग्रंथाने स्वतःच्या समर्थकांना इतक्या उघडपणे खोटे पाडावे, ही असामान्य गोष्ट आहे. शोकाकुल माणसाचा आक्रोश, त्याची तक्रार, किंबहुना त्याचा देवावरचा संताप हा श्रद्धेचा अभाव नव्हे, असे हा ग्रंथ सांगतो. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांपैकी पुष्कळशी विलापाचीच आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याला आशेचे शेवटचे कडवे नाही. उपासनेच्या पुस्तकात ज्या समाजाने अशा विलापाला जागा ठेवली, त्याच्या वारसदारांनी रडणाऱ्या आईला ‘रडू नये, श्रद्धा ठेवावी’ असे सांगावे, हे त्या पुस्तकाशीच विसंगत आहे.

स्पष्टीकरण आणि शोक यांमधील अंतर किती मोठे असते याचे एक उदाहरण विसाव्या शतकातील आहे. सी. एस. लुईस या इंग्रज लेखकाने १९४० साली दुःखाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. देव दयाळू असताना जगात यातना का, याची तर्कशुद्ध मीमांसा त्यात होती. वीस वर्षांनी, १९६० मध्ये, त्याची पत्नी जॉय डेव्हिडमन कर्करोगाने वारली. त्यानंतर त्याने वह्यांमध्ये जे लिहून काढले ते १९६१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्या छोट्या पुस्तकात पूर्वीचा आत्मविश्वासपूर्ण युक्तिवाद दिसत नाही. हाक मारावी आणि समोरचे दार बंद व्हावे, असा अनुभव तेथे आहे. भेटणारी माणसे या विषयावर बोलावे की बोलू नये या विवंचनेत कशी अवघडून जातात, याचीही नोंद आहे. त्याने श्रद्धा सोडली नाही; पण धर्माच्या सांत्वनाविषयी सफाईने बोलणाऱ्यांबद्दल त्याला वाटणारी चीड तो लपवीत नाही. मीमांसा करणारा आणि शोक करणारा माणूस एकच असला, तरी पहिल्याचा ग्रंथ दुसऱ्याच्या कामी आला नाही.

दोन बहिणी, एकच वाक्य

नव्या करारात योहानाच्या शुभवर्तमानात बेथानी गावचा प्रसंग आहे. यरुशलेमेपासून सुमारे दोन मैलांवरच्या या गावी मार्था आणि मरीया या दोघी बहिणी आणि त्यांचा भाऊ लाजर राहत असत. लाजर आजारी पडला तेव्हा बहिणींनी येशूला निरोप धाडला. तो लगेच निघाला नाही. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था त्याला गावाबाहेरच गाठते आणि म्हणते की तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया येते, त्याच्या पायांवर पडते आणि तेच वाक्य बोलते. त्या घरात चार दिवस दोघी बहिणी एकमेकींशी हेच बोलत असल्या पाहिजेत, असे ही पुनरुक्ती वाचताना वाटते.

लक्षात घेण्यासारखे आहे ते येशूचे वागणे. दोघींचे वाक्य एकच. पण उत्तर एक नाही. मार्थेला बोलायचे होते, तिने विषय वाढवला; तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीया रडत होती. तिच्याशी तो एकही सिद्धान्त बोलत नाही. त्याला कोठे ठेवले आहे एवढेच विचारतो, आणि स्वतः रडू लागतो. बायबलमधील अगदी लहान वचनांपैकी एक असे जे वचन प्रसिद्ध आहे ते याच ठिकाणचे. आणखी थोड्या वेळाने आपण लाजराला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होते, असे शुभवर्तमानकारच सांगतो. म्हणजे आशेचे कारण ज्याच्या हातात होते तोही आधी रडला. पुढे सारे ठीक होणार आहे, या ज्ञानाने त्याला आजच्या अश्रूंपासून सूट मिळाली नाही. मग आपल्याला ती कशी मिळावी?

या प्रसंगात आणखी एक बोध आहे. तो उशिरा आला होता, आणि उशिराबद्दलचा उपालंभ त्याने निमूटपणे ऐकून घेतला. आपण का थांबलो होतो याचे समर्थन त्याने बहिणींपुढे मांडले नाही. शोकाच्या घरी वेळेवर जाणे झाले नाही म्हणून पुढे तोंड चुकवत राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चौथ्या दिवशी गेलेलाही गेलेलाच असतो. चौथ्या महिन्यात गेलेला तर अनेकदा अधिक मोलाचा ठरतो, कारण तोपर्यंत चपलांची दाटी ओसरलेली असते.

जागे राहण्याची विनंती

ख्रिस्ती परंपरेने दुःखी माणसाजवळ असण्याचे मोल जाणले त्याचे आणखी एक कारण असे की, ज्याला ती परंपरा प्रभू मानते त्यालाच एकदा सोबतीची गरज भासली होती. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू अतिशय व्याकूळ झाला. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने थोडे पुढे नेले आणि मजबरोबर जागे राहा, अशी विनंती केली. उपाय सांगा, युक्ती काढा, धीर द्या, असे काहीच त्याने मागितले नाही. मागितली ती एका तासाची जाग. आणि ते तिघे झोपी गेले. एकदा नव्हे, तीनदा. त्याच रात्री बहुतेक शिष्य पांगले. वधस्तंभाजवळ उभ्या राहिल्या त्या मुख्यतः काही स्त्रिया. त्या काही थांबवू शकत नव्हत्या. केवळ उभ्या होत्या. दोन हजार वर्षे त्या उभे राहण्याची आठवण ठेवली गेली आहे. त्या वेळी कोण काय बोलले असते तर त्याची एवढी आठवण राहिली असती काय?

गेथशेमानेतील या विनंतीचा एक दूरगामी परिणाम आपल्या काळात घडून आला. सिसिली साँडर्स ही इंग्रज स्त्री प्रथम परिचारिका होती, पुढे रुग्णालयातील समाजसेविका झाली, आणि असाध्य रोग्यांच्या वेदनांवर काम करायचे तर डॉक्टरच झाले पाहिजे म्हणून वैद्यकाचा अभ्यास करून १९५७ साली डॉक्टर झाली. ‘मजबरोबर जागे राहा’ या विनंतीवर तिने १९६५ मध्ये एक लेख लिहिला. त्या शब्दांत वेदना समजून घेण्याचे आणि ती कमी करण्याचे कौशल्य तर येतेच. पण जे आपल्याला समजत नाही, जे आपण थांबवू शकत नाही, तेथेही नुसते हजर असणे हा त्यांचा गाभा आहे, असे तिचे प्रतिपादन होते. १९६७ साली तिने लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था उघडली आणि मरणासन्न रोग्यांच्या सेवेची आधुनिक चळवळ तेथून जगभर पसरली. आपल्या देशात अशी पहिली संस्था, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे सुरू झाली. बरे करता येत नाही म्हणून माणसाला सोडून द्यायचे नसते, हे तत्त्व या साऱ्या कामाच्या मुळाशी आहे. मरणाऱ्याला जे लागू, तेच मागे राहिलेल्यालाही लागू.

ग्रीक नव्या करारात पवित्र आत्म्यासाठी जो शब्द योजला आहे त्याचा मूळ अर्थ ‘शेजारी बोलावून घेतलेला’ असा आहे. मराठी बायबलने त्यासाठी ‘कैवारी’ हा आपला जुना शब्द वापरला. कैवार घेणे म्हणजे कोणाच्या बाजूला जाऊन उभे राहणे. सांत्वनासाठी शब्द लागतात. कैवारासाठी जागा बदलावी लागते. आपल्या खुर्चीवरून उठून दुसऱ्याच्या सतरंजीवर जावे लागते.

आईचा देह आणि दोन माणसे

हे सारे दूरच्या देशातील झाले असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या पंडिता रमाबाईंचे आयुष्य हा या विषयावरचा एक जिवंत धडा आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांचे विद्वान कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात ते अन्नाला महाग झाले. आधी वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, पुढे थोरली बहीण गेली. आईचा देह स्मशानात नेण्यासाठी गावातील कोणी येईना. अखेरीस दोन माणसांना दया आली. भाऊ श्रीनिवास आणि ती दोन माणसे अशी तिघे, आणि चौथी रमाबाई. सोळा वर्षांच्या त्या मुलीची उंची इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून आपल्या वाट्याची तिरडी तिला डोक्यावर घ्यावी लागली. दोनतीन मैलांची ती वाट होती.

त्या दोघांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी त्या भावंडांशी कर्मगतीविषयी चर्चा केली असेल असे वाटत नाही. त्यांनी खांदा दिला. रमाबाईंना ते जन्मभर आठवले, यातच त्यांच्या कृतीचे मोल आले. पुढे १८८० मध्ये श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई महाराष्ट्रात आल्या, नंतर इंग्लंडला गेल्या आणि तेथे १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या धर्मांतरावर त्या वेळी जे वादळ उठले त्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्ष वेधायचे आहे ते १८९६-९७ च्या दुष्काळाकडे. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरत असल्याच्या वार्ता आल्या तेव्हा रमाबाई स्वतः तेथे गेल्या, दुष्काळी छावण्यांतून हिंडल्या आणि शेकडो अनाथ मुली व तरुण विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच उभे राहिले. आपल्या जुन्या दुष्काळाच्या आठवणींनीच आपल्याला तेथे जायला भाग पाडले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. जिने आईची तिरडी डोक्यावर वाहिली तीच बावीस वर्षांनी दुसऱ्यांच्या मुलींजवळ जाऊन उभी राहिली. १९२१ मध्ये मनोरमाही गेली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. मृत्यूचे समाधानकारक स्पष्टीकरण त्यांना मिळाले होते की नाही हे सांगता येत नाही. मृत्यूच्या घरी काय करावे, हे मात्र त्यांना पक्के कळले होते.

न्यायबुद्धीने येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. धर्म हा कधी कधी शोकाचे कारणही होतो. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर जो आघात झाला तो नवरा जिवंत असताना आलेल्या वैधव्यासारखाच होता. पुढची सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट राहिली. त्या काळात लक्ष्मीबाईंना सांभाळले ते त्यांच्या हिंदू नातेवाइकांनी. त्यांना टिळकांची कृती मुळीच मान्य नव्हती. पण तिचे दुःख मान्य करायला ती मान्यता आवश्यक नव्हती. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सहज दिसते. तेव्हा दुःखिताजवळ बसण्याची विद्या कोणत्याही एका धर्माच्या मालकीची नाही. ख्रिस्ती श्रद्धेने तिला एक स्पष्ट आधार दिला, एवढेच येथे म्हणायचे आहे.

पिठले-भात आणि उपदेश

आमच्या जुन्या लोकरीतीतही ही विद्या होती. ज्या घरी मृत्यू झाला त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. शेजारच्या घरातून पिठले-भात येई. तो आणणारी बाई काही तत्त्वज्ञान सांगत नसे. भांडे ठेवी, पोरांना जेवू घाली, आणि भांडे परत न्यायच्या निमित्ताने दुसऱ्या दिवशी पुन्हा येई. बायबलमध्येही याला जोड सापडते. एलीया संदेष्टा जिवाला कंटाळून मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. भाकरी आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. देवाचे बोलणे त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी. क्रम महत्त्वाचा आहे.

कोणी म्हणेल, नुसते जवळ बसून काय साधते? कर्त्या शेतकऱ्याने आत्महत्या केली त्या घरी सोबतीने कर्ज फिटत नाही. कारखान्यातील अपघातात नवरा गमावलेल्या बाईला नुकसानभरपाई हवी असते. आक्षेप रास्त आहे. उघड्यावाघड्या माणसाला ऊब मिळो, पोट भरो असे म्हणून वाटेला लावणाऱ्यांवर याकोबाने आपल्या पत्रात कडक टीका केली आहे. पण हा आक्षेप पोकळ शब्दांना लागू पडतो, सोबतीला नव्हे. वधस्तंभावरून येशूने आपली आई एका शिष्याच्या हवाली केली आणि त्या शिष्याने तिला घरी नेले, असे योहान सांगतो. जो खरोखर जवळ बसतो त्यालाच रेशनकार्ड कोठे अडले आहे, बँकेचा कोणता कागद भरायचा राहिला आहे, मुलाची फी कधी भरायची आहे, हे कळते. लांबून सहानुभूती पाठवणाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नसतो.

अलीकडे तर लांबूनच सारे उरकण्याची सोय झाली आहे. निधनाची बातमी भ्रमणध्वनीवर येते, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द आणि जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले की काम संपते. २०२० आणि २०२१ या करोनाच्या वर्षांत ही सोय नव्हती, सक्ती होती. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. रुग्णालयात गेलेल्याचा चेहरा पुष्कळांना पुन्हा पाहता आला नाही. शेजारी दाराशी येऊ शकत नव्हते. त्या दिवसांत घरातले माणूस गमावलेल्यांशी बोलून पाहावे. औषध मिळाले नाही, खाट मिळाली नाही, या दुःखाबरोबरच ‘कोणी आले नाही’ हे दुःख ते आजही सांगतात. उपस्थितीचे मोल तिच्या अभावाने आपल्याला शिकवले होते. निर्बंध उठल्यावर तो धडा आपण विसरलो असू, तर दोष साथीचा नव्हे.

वर्गात आणि कचेरीत

हा लेख वाचणाऱ्यांत शिक्षक आहेत, कचेरीत काम करणारे आहेत, विद्यार्थी आहेत. त्यांच्यापुढे हा प्रश्न समाचाराच्या सतरंजीपुरता नसतो. वडील गेलेला मुलगा पंधरा दिवसांनी वर्गात येऊन बसतो. सारा वर्ग त्याच्याकडे पाहतो आणि नजर वळवतो. मधल्या सुटीत त्याच्याभोवती एक रिकामे वर्तुळ तयार होते. कोणाच्या मनात दुष्टावा नसतो, पण काय बोलावे हे कोणाला कळत नाही. अशा वेळी शिक्षकाने सर्वांदेखत त्याला धैर्याचा पाठ देण्याची गरज नाही. त्याच्या बाकापाशी थांबून बुडालेल्या धड्याची वही त्याच्यापुढे ठेवली, आणि वडिलांचे नाव टाळण्याऐवजी सहजपणे घेतले, तरी पुरे. मित्रांनी तर नेहमीच्याच जागी डबा उघडावा.

कचेरीतही तसेच. पत्नी गमावलेला सहकारी कामावर येतो, आणि टेबलाटेबलांवर बोलणे थांबते. महिन्याभरात आपण त्याच्याकडून पूर्वीच्या वेगाची अपेक्षा करू लागतो. तिसऱ्या महिन्यात तो एकदा हिशेबात चुकतो तेव्हा कोणालाच आठवत नाही की हा त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाचा आठवडा आहे. तेराव्यानंतर समाजाच्या लेखी शोक संपतो. शोक करणाऱ्याच्या लेखी तो बहुधा तेव्हाच सुरू होतो. कॅथलिक ख्रिस्ती समाजात २ नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा दिवस मानतात, कबरींवर मेणबत्त्या लावतात. आपल्याकडे पितृपक्ष आहे. गेलेल्यांसाठी दिनदर्शिकेत जागा ठेवणाऱ्या या प्रथांचा आशय मागे राहिलेल्यांपर्यंत पोचवायला हवा. सहकाऱ्याच्या दुःखाची तारीख लक्षात ठेवणे आणि त्या दिवशी चहाला त्याच्याजवळ जाऊन बसणे, याला कोणतीही विद्वत्ता लागत नाही.

आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि रडणाऱ्यांबरोबर रडा, अशा आशयाचा उपदेश पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केला आहे. रडणाऱ्यांना थांबवा असे त्याने म्हटले नाही. त्यांना समजावून सांगा असेही म्हटले नाही. जोर आहे तो ‘बरोबर’ या शब्दावर. ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने देवाचे एक नावच इम्मानुएल, म्हणजे ‘आमच्याबरोबर असलेला’, असे आहे. दुःखाचा उलगडा करणारा, असे नाही. ज्यांची त्या देवावर श्रद्धा आहे त्यांनी त्याच्या या नावाला तरी जागावे. ज्यांची नाही त्यांनाही शेजाऱ्याच्या दारापर्यंत चालत जाता येते.

तेव्हा पुढच्या वेळी दाराबाहेर चपलांची दाटी दिसेल तेव्हा वाक्य शोधत घुटमळू नये. आपल्याही चपला काढाव्यात, आत जाऊन जमिनीवर बसावे. तिने विचारले तर बोलावे, ती रडली तर रडू द्यावे, ती गप्प राहिली तर गप्प राहावे. आणि निघताना मनात एवढेच पक्के करावे की चपला ओसरल्यावर, महिन्याभराने, आपण पुन्हा येणार आहोत.